साज मोडताना कोण रडतं?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या कोल्हापुरातलं जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा उभं करतायत, पण 'ते आता ते नसणारच, मग हा खटाटोप कशाला' असं तू विचारतेस. आणि त्याच दमात 'सगळं बदलतंच, मग कशात जीव गुंतवायचा' असंही. यातला पहिला खरा प्रश्न आहे. दुसरा दमलेल्या माणसाचा उसासा. उसासा जरूर टाकावा, फक्त त्याला तत्त्वज्ञान म्हणू नये.

शाहू महाराजांचं पॅलेस थिएटर 1915 साली उभं राहिलं. संगीत रंगभूमीवरचे गायक-नट केशवराव यांचं नाव त्याला नंतर मिळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, म्हणजे केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, ते जळालं. पण आगीच्या आधीही त्याचं नूतनीकरण झालेलंच होतं की. महाराजांच्या वेळी तिथं माईक नव्हता, आजचे दिवे नव्हते. तू ज्या रंगमंचावर पहिल्यांदा पाय ठेवलास, तो 1915 चा होता असं छातीठोकपणे सांगशील? तरी पत्रात तू 'आमचं जुनं थिएटर' असंच लिहिलंयस, आणि त्यात काही चुकलेलं नाही.

ग्रीक लोक हाच वाद एका जहाजावरून घालत. प्लुटार्कने लिहून ठेवलंय, की पुराणकथेतल्या थीसिअस या वीराचं जहाज अथेन्सकरांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की ती काढून नवी बसवायचे. एक पक्ष म्हणे जहाज तेच, दुसरा म्हणे दुसरंच. जपानात इसे इथलं देवस्थान तर साधारण दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात, शेवटचं 2013 साली. तिथल्या भाविकाला 'हे जुनंच का?' असं विचारलंस तर तो तुझ्याकडेच विचित्र नजरेनं बघेल.

या सगळ्यापेक्षा मला जवळचा वाटतो तो समंतभद्र. दिगंबर जैन आचार्य, 'आप्तमीमांसा' लिहिणारा. आपल्याकडे शिरोळ-हातकणंगल्यात जैन परंपरा केवढी जुनी आहे, पण तिच्यातलं तत्त्वज्ञान आपण कॉलेजात शिकवत नाही, ही माझी जुनी तक्रार. असो. जैनांचं म्हणणं असं, की जे 'आहे' त्यात उपजणं, नासणं आणि टिकणं एकाच वेळी चालू असतं. समंतभद्राचा दाखला सोन्याचा आहे. सोन्याचा घट मोडून त्याचा मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो रडला, ज्याला मुकुट हवा होता तो हरखला, ज्याला नुसतं सोनं हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही.

हे तुला आजही गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, बघायला मिळेल. आजीचा गळ्यातला कोल्हापुरी साज मोडायला आणतात. सराफ कस बघतो, डाक म्हणजे सांध्याचा जोड वगैरेची तूट धरतो, मुशीत टाकतो. दशावतारांची ती पानं वितळून एक गोळा होतो. आजी तोंड फिरवून बसते, नात मोबाइलवर चेनचं डिझाइन दाखवत असते आणि मुलगा किती ग्रॅम भरलं एवढंच विचारतो. घटना एकच. समंतभद्र मात्र पुढं म्हणतो की या तिघांच्याही भावनेला कारण आहे. यात कुणाचाच भ्रम नाही. आजीला 'अगं, सोनं तर तेवढंच आहे' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण आजीनं जे गमावलं त्याबद्दल तो बोलतच नसतो.

(सोनं तरी कायमचं कुठं आहे म्हणा. 2017 साली दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर शास्त्रज्ञांना टिपता आली, त्यात सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात असं दिसतं. टिकणं हेही कशाच्या तुलनेत, ते बघावं लागतं.)

आता तुझा हेराक्लिटस, तो जुना ग्रीक तत्त्वज्ञ. 'एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही' हे तू त्याच्या नावावर दिलंयस, सगळेच देतात. पण त्याचा जो तुकडा अभ्यासक जास्त भरवशाचा मानतात, त्याचा आशय असा आहे: त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवर सतत वेगळं पाणी येत राहतं. नद्या 'त्याच' आहेत, हे वाचलंस ना? आपली पंचगंगा बघ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांचं पाणी घेऊन ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 ला आणि 2021 ला ती 55 फुटांच्याही वर गेली. प्रत्येक वेळी पाणी निराळं, पण आपण मोजत होतो ती पंचगंगाच. वाहायची थांबली असती तर तिला नदी कोण म्हणालं असतं?

'सगळं क्षणिक' या बोलण्याला भुलू नकोस, असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. एपिखार्मस नावाच्या जुन्या ग्रीक नाटककाराच्या नावावर एक किस्सा आहे. देणेकरी सावकाराला म्हणतो, कर्ज घेतलं तो मी आता राहिलोच नाही. सावकार त्याला बदडतो आणि म्हणतो, मारलं तो मी तरी कुठं राहिलोय? तुमच्या ग्रुपला याची एकांकिका करता येईल. उधारीचा विषय, कोल्हापुरात फुल्ल चालेल.

तुमच्या संस्थेत जो वाद पेटलाय, 'हुबेहूब जुनं' विरुद्ध 'अद्ययावत', त्यात उतरण्याआधी आपल्याला घट हवाय, मुकुट हवाय की सोनं, हे स्वतःशी ठरव. माझं विचारशील तर मला मागच्या रांगेत, न ओरडता पोचणारा नटाचा आवाज हवाय. तो मिळणार असेल तर लाकूड कुठलं, खुर्ची कुठली, याला माझी हरकत नाही. पण जळलेल्या लाकडासाठी हळहळणारी म्हातारी नटमंडळी तुमच्या सभेत येतील, त्यांना 'बदल हा निसर्गनियम आहे' असं ऐकवू नका. ते त्यांना तुमच्याआधीपासून माहीत आहे.

दिवाळीच्या आधी एक चक्कर टाक. गुजरीत माझे ओळखीचे आहेत, मूस तापलेली असताना दुकानात उभं राहू देतात. वितळणारं सोनं तर बघच, पण गिऱ्हाइकाबरोबर घरातली कोणकोण आलीत आणि कुणाचं लक्ष कुठं आहे, ते जास्त बघ. नटीला ते उपयोगी पडेल.

तुझा,
सर