प्रचंड कमाई करूनही काही चित्रपट लोकांच्या बोलण्यात का उरत नाहीत?

‘अवतार’चंच घ्या. डिसेंबर 2009 मध्ये आला, जगभरात 2.7 अब्ज डॉलरहून जास्त कमावले. तरी त्यातला एखादा संवाद किंवा नायकाचं नाव चटकन आठवणारे फार थोडे. (नायक जेक सली.)

माझ्या मते मुख्य कारण हे की लोकांनी तिकीट काढलं ते पँडोरा, म्हणजे चित्रपटातलं काल्पनिक जग, थ्रीडीमध्ये बघायला. तो अनुभव थिएटरातच मिळायचा. घरच्या टीव्हीवर उरते ती कथा, आणि ती ओळखीचीच: परका सैनिक स्थानिकांमध्ये जातो, त्यांचाच होतो. पुन्हा पुन्हा बघावं असं तिच्यात फारसं नाही. चित्रपट तोंडी रुळतो तो अशा पारायणांनी. ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या निघाल्या होत्या, पडदा नसतानाही माणसं गब्बर ऐकत होती. ‘अवतार’मधून असं ऐकण्याजोगं काय काढणार? त्यात दुसरा भाग यायला 13 वर्षं लागली. मधल्या काळात मुलांच्या एका पिढीला नवं काहीच मिळालं नाही.

पण ‘अवतार’चा काहीच प्रभाव नाही, हे म्हणणं मला पटत नाही. थ्रीडी पडदे झपाट्याने वाढले ते त्याच्यामुळेच. 2017 मध्ये फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात पँडोरा उभं राहिलं. आणि 2022 च्या दुसऱ्या भागानेही 2 अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला. नावं विसरलेली माणसंसुद्धा ते जग बघायला परत गेली.