‘ताई, हे कोण कोण वाचणार?’

समुपदेशनाला आलेल्या बाईचा फॉर्म संगणकात भरायला घेतला की हा प्रश्न येतोच. काही जणी विचारत नाहीत, नुसत्या स्क्रीनकडे बघत राहतात. त्यांनीही विचारलाय, असंच मी धरून चालते.

ही त्यांतलीच एक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मारहाणीची हकीगत तिने आधी दवाखान्यात सांगितली, मग पोलिसांना, मग वकिलांना. माझ्यासमोर चौथ्यांदा. आमच्याकडे सगळ्या सेवांची सामाईक डिजिटल नोंद नुकतीच सुरू झाली होती. आता पुन्हा पुन्हा सांगावं लागणार नाही, म्हणून हिला हायसं वाटेल असा माझा समज. तिने पेन खाली ठेवलं. “त्याचा चुलतभाऊ त्या दवाखान्यात कामाला आहे. त्या भावाची सुट्टी होती म्हणून तिथे गेले होते.”

‘पासवर्ड आहे, काळजी करू नका’ म्हणून इथे भागत नाही. पासवर्ड त्या भावाकडेही असू शकतो. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. नोंद नावाने नाही, सांकेतिक क्रमांकाने. दवाखान्याला दिसतं ते उपचारापुरतं. सत्रातली माझी टिपणं यात जातच नाहीत. 2006 मध्ये सुरू झालेल्या जीबीव्हीआयएमएस या, लिंगाधारित हिंसेच्या नोंदी ठेवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही हिंसेचे सहा प्रकार सगळ्या संस्था एकाच व्याख्येने नोंदवतात, पण एकमेकींना देतात ते ओळख काढलेले एकत्रित आकडे. एखादीची फाइल दुसरीकडे द्यायची तर तिची परवानगी वेगळी घ्यायची, तीही सेवेगणिक. कायद्याने कळवणं भागच असेल, तर ते बोलणं सुरू होण्याआधी सांगायचं.

तिने वकिलांना होकार दिला, दवाखान्याला नकार. नकारामुळे उपचार किंवा समुपदेशन थांबणार नाही, हे मी दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिला ते पटलेलं दिसलं नाही.

खरी भानगड मात्र पुढच्या रकान्यात होती. फोन नंबर सांगता सांगता ती सहज म्हणाली, “रात्री फोन तो बघतो.” आमची प्रणाली भेटीच्या आदल्या दिवशी आपोआप मेसेज पाठवायची, संस्थेच्या नावासकट! सोय म्हणून महिनाभर आम्हीच तिचं कौतुक करत होतो. त्याच दुपारी ते मेसेज बंद करायला लावले. आता नंबर लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारते: फोन आणखी कोण हाताळतं, कधी करायचा, आणि दुसऱ्याने उचलला तर कुठून बोलतोय म्हणून सांगायचं. “शिवणक्लासमधून,” ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पुढच्या खेपेला तिनेच विचारलं, दवाखान्याचा होकार नंतर देता येतो का?

“येतो. काढूनही घेता येतो. पण मधल्या वेळात कुणी वाचलं असेल, तर ते पुसता येत नाही.”

“मग राहू दे अजून,” ती म्हणाली.