साताऱ्याहून पुण्याच्या पेठांत एका दिवसाची कामे : गाडी न नेता कसे फिरावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुढच्या महिन्यात घरच्या लग्नाचा बस्ता लक्ष्मी रस्त्यावर बांधायचा आहे, भावासाठी स्पर्धा परीक्षेची पुस्तके अप्पा बळवंत चौकातून आणायची आहेत आणि त्याच खेपेला ससूनमध्ये दाखल असलेल्या मामांना भेटून यायचे आहे. सोबत ७६ वर्षांच्या आई आणि बहीण असणार आहेत. अशा वेळी साताऱ्याहून स्वतःची गाडी न्यावी की एसटीने जाऊन तिथल्या बसने आणि मेट्रोने फिरावे, आणि कोणते काम आधी उरकावे, हे आपल्याला ठरवायचे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. गाडी साताऱ्यातच ठेवावी. पेठांमध्ये गाडी नेली की दिवसाचा कार्यक्रम आपण ठरवत नाही, वाहनतळ ठरवतो. गाडी जिथे लागेल तिथून चालत दुकानापर्यंत जायचे, पिशव्या घेऊन पुन्हा तिथेच यायचे आणि पुढच्या कामासाठी पुन्हा एकेरी रस्त्यांचा वळसा घालायचा, यात आईंची दमछाक सर्वांत जास्त होईल. सार्वजनिक वाहनाचा खरा फायदा पैशांच्या बचतीपेक्षा यात आहे की एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणी चढता येते आणि मागे परतावे लागत नाही. आपल्या तिन्ही कामांची जुळणी याच एका गोष्टीवर करावी, असे मला वाटते.

आधी साताऱ्याहून निघण्याविषयी. सातारा बसस्थानकावरून स्वारगेटसाठी विनाथांबा गाड्या सुटतात आणि त्यांचे तिकीट खिडकीवरच काढून गाडीत बसायचे असते. सातारा ते पुणे हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. रस्ता मोकळा असेल तर अडीच तास धरावेत आणि सकाळी शक्य तितक्या लवकर निघावे. आईंना ७५ वर्षे पूर्ण झालेली असल्यामुळे २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झालेल्या अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांचा एसटी प्रवास मोफत आहे, आणि बहिणीला १७ मार्च २०२३ पासून लागू असलेल्या महिला सन्मान योजनेमुळे अर्धे तिकीट पडेल. आईंचे आधार कार्ड पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे, कारण खिडकीवर ते दाखवल्याशिवाय शून्य रकमेचे तिकीट मिळत नाही. या दोन्ही सवलती एसटीच्या आहेत. पुण्यातल्या पीएमपीच्या बसमध्ये किंवा मेट्रोत त्या चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे वाहकाशी वाद घालताना मी आपल्याकडची अनेक वडीलधारी माणसे पाहिली आहेत.

रेल्वेचा विचार मनात येईल, कारण ससून पुणे स्टेशनच्या अगदी जवळ आहे. पण आपले स्टेशन माहुलीला, गावापासून दूर. शिवाय गाडी वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेत जाते, आणि कोयना एक्सप्रेसने पुण्याला पोहोचेपर्यंत दुपार होते. एका दिवसात तीन कामे असतील तर हा मार्ग सोयीचा नाही. बसची पाटी मात्र नीट वाचून घ्यावी. ज्या गाडीवर शिवाजीनगर लिहिलेले असते ती २०१९च्या अखेरीपासून वाकडेवाडीच्या स्थानकात जाते, जुन्या शिवाजीनगर स्थानकात नव्हे. आपल्याला स्वारगेटच हवे.

आता पुण्यातल्या रस्त्यांची मांडणी समजून घेऊ, कारण तिच्यावर सगळे अवलंबून आहे. स्वारगेटपासून शनिवारवाड्याकडे दोन मोठे रस्ते जवळजवळ समांतर जातात आणि दोन्ही एकेरी आहेत. बाजीराव रस्त्यावरची वाहने स्वारगेटच्या बाजूने उत्तरेकडे, म्हणजे शनिपार आणि अप्पा बळवंत चौकावरून शनिवारवाड्याकडे जातात. शिवाजी रस्त्यावरची वाहने शनिवारवाड्याकडून दगडूशेठ गणपती आणि मंडईवरून स्वारगेटकडे येतात. या दोहोंना आडवा छेदणारा लक्ष्मी रस्ताही एकेरी आहे आणि त्याची वाहतूक पूर्वेकडून अलका चौकाकडे वाहते. म्हणूनच जाताना ज्या थांब्यावर आपण उतरलो, त्याच थांब्यावर परतीची बस कधीच मिळत नाही. नवखा माणूस शनिपारला उतरतो, खरेदी करतो आणि त्याच रस्त्याच्या समोरच्या फूटपाथवर स्वारगेटच्या बसची वाट पाहत उभा राहतो. ती बस एक रस्ता पलीकडे, शिवाजी रस्त्यावरून निघून जात असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पेठांतला निम्मा गोंधळ टळतो.

या दोन रस्त्यांच्या परिसराखालूनच २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो धावते. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ आणि जिल्हा न्यायालय अशी ती चार स्थानके आहेत. कसबा पेठेच्या पुढे गाडी मुठा नदीच्या खालून पलीकडे जाते. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका मिळते आणि त्या मार्गिकेवर पुणे रेल्वे स्टेशन हे स्थानक आहे. मेट्रोचे किमान भाडे १० रुपये असून शनिवार-रविवारी तिकिटावर ३० टक्के सवलत मिळते. तिकीट खिडकीवर, यंत्रावर किंवा मोबाइलवर निघते. कागदी तिकिटावरचा कोड आत जाताना आणि बाहेर पडताना अशा दोन्ही वेळी दाखवावा लागतो, त्यामुळे आत गेल्यावर तो कागद टाकून देऊ नये.

या सगळ्याचा आपल्या कामांशी संबंध असा की दिवसाची सुरुवात सर्वांत लांबच्या कामाने, रिकाम्या हातांनी करावी आणि खरेदी करत करत स्वारगेटकडे सरकत यावे. आधी ससून, मग अप्पा बळवंत चौक, मग लक्ष्मी रस्ता आणि शेवटी मंडई. हा क्रम उलटा केला तर बस्त्याच्या पिशव्या रुग्णालयात घेऊन जाव्या लागतील, आणि ते कुणालाच नको असते. निघण्यापूर्वी मामांच्या वॉर्डातील भेटीची वेळ फोनवर विचारून घ्यावी. ती वेळ सकाळची नसेल तरच या क्रमात बदल करावा.

स्वारगेटहून ससूनला जाण्यासाठी मी आपल्याला मेट्रो सुचवणार नाही, हे वाचून कदाचित नवल वाटेल. जिल्हा न्यायालयाचे भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे आणि दुसरी मार्गिका उंच खांबांवरून जाते. म्हणजे गाडी बदलताना पाताळातून थेट वरच्या मजल्यावर जायचे. सरकते जिने एकामागून एक लागतात, लिफ्टही आहेत आणि व्यवस्था चांगली आहे. परंतु सरकत्या जिन्याची सवय नसलेल्या ७६ वर्षांच्या बाईंना पहिल्याच खेपेला तिथून नेण्यात घाई करून चालणार नाही. त्यापेक्षा स्वारगेटवरून पुणे स्टेशनकडे जाणारी पीएमपीची थेट बस धरावी. एसटी स्थानकातून बाहेर आल्यावर जेधे चौकात पीएमपीचे स्वतंत्र स्थानक आहे. तिथे ‘स्टेशनची गाडी कुठे लागते’ एवढे विचारले तरी कुणीही बोट दाखवते. जून २०२५ पासून पीएमपीचे पहिल्या पाच किलोमीटरचे भाडे १० रुपये आणि पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतील दिवसाचा पास ७० रुपयांना आहे. आपल्या बेतात बसचा प्रवास एक-दोनदाच येत असल्यामुळे पासची गरज नाही, सुटी तिकिटेच स्वस्त पडतील. डाव्या बाजूची आसने स्त्रियांसाठी राखीव असतात. तिथे एखादे पुरुषमाणूस बसले असेल तर संकोच न करता उठायला सांगावे.

ससूनमधून अप्पा बळवंत चौकापर्यंत मात्र रिक्षाच करावी. अंतर सुमारे तीन किलोमीटरचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये धरले, तर ५० रुपयांच्या आसपास मीटर पडतो. तीन माणसांत एवढ्या पैशांसाठी दोनदा वाहन बदलणे योग्य नाही. रिक्षात बसण्यापूर्वी ‘मीटरने येणार ना’ हे विचारून घ्यावे आणि मीटर खाली पडलेला डोळ्यांनी पाहावा. सार्वजनिक वाहनांनी फिरायचे म्हणजे रिक्षाला हात लावायचाच नाही, असा हट्ट मला मान्य नाही. बस, मेट्रो, रिक्षा आणि पाय ही चारही साधने जिथे ज्याचा उपयोग तिथे वापरावीत.

अप्पा बळवंत चौकाविषयी दोन गोष्टी सांगतो. पहिली, रविवारी तिथली बरीच पुस्तकांची दुकाने बंद असतात, त्यामुळे मेट्रोच्या सवलतीपायी रविवार निवडू नये. दुसरी, यादी विषयवार आणि आवृत्तीच्या वर्षासह लिहून न्यावी. गर्दीच्या वेळी काउंटरवर तीन-चार हात एकदम पुढे आलेले असतात आणि विक्रेता एकाच वेळी दोघांशी बोलत आतल्या मुलाला नावे ओरडून सांगत असतो; अशा वेळी ‘राज्यसेवेची चांगली पुस्तके दाखवा’ म्हटले तर आपल्याकडे कोणी पाहतही नाही, पण चिठ्ठी पुढे केली तर पाच मिनिटांत गठ्ठा बांधून मिळतो. पुस्तके जड होतात, तेव्हा पाठीवरची एक रिकामी पिशवी साताऱ्याहूनच न्यावी.

तिथून लक्ष्मी रस्ता बाजीराव रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेल्यास पाच-सात मिनिटांवर आहे. या टप्प्यात कोणतेही वाहन शोधू नये, कारण बाजीराव रस्त्याची वाहतूक बरोबर उलट दिशेने येत असते आणि रिक्षाला मोठा फेरा पडतो. आईंना चालवत नेताना डाव्या-उजव्या कडेच्या दुचाकींच्या रांगांमुळे रस्त्यावर उतरण्याची वेळ येते, तेवढे जपावे. बस्ता बांधायला तीन-चार तास सहज जातात आणि त्या काळात आई दुकानातल्या गादीवर बसून असतात, म्हणून दिवसाची खरी विश्रांती इथेच होईल.

बस्ता झाल्यावर मोठी गाठोडी घेऊन निघायचे आहे, आणि इथे मात्र मेट्रोसारखी दुसरी सोय नाही. लक्ष्मी रस्त्यावरून तुळशीबागेतून मंडईकडे यावे. तुळशीबागेत बहिणीचे पाय अडखळणारच. त्यासाठी अर्धा तास वेगळा राखून ठेवावा, म्हणजे कुणाची चिडचिड होत नाही. पुढे मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत दिसली की आपण मेट्रो स्थानकाजवळ पोहोचलो. या मंडईला ज्या महात्मा फुल्यांचे नाव आहे त्यांचे मूळ घराणे आपल्याच जिल्ह्यातील कटगुणचे, हे आईंना सांगितले तर त्यांनाही बरे वाटेल. फळांच्या आणि फुलांच्या गाड्यांमधून वाट काढत स्थानकाच्या दारात आलो की बाहेरचा गलका एकदम मागे पडतो. आत लिफ्टची पाटी पाहावी आणि सामान व आई दोघांनाही लिफ्टनेच खाली न्यावे. स्थानकात स्वच्छतागृह आहे. पेठेत दिवसभर हिंडताना स्त्रियांची सर्वांत मोठी अडचण हीच असते आणि तिच्याविषयी कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे. मंडईनंतरचे पुढचेच स्थानक स्वारगेट. शिवाजी रस्त्यावरून संध्याकाळी बसला जो वेळ लागतो त्याच्या तुलनेत हा प्रवास क्षणात संपतो.

तारीख ठरवताना गणेशोत्सवाचे दिवस टाळता आले तर टाळावेत. त्या काळात शिवाजी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवला जातो, बस दुसऱ्या मार्गांनी वळवल्या जातात आणि मंडई, कसबा पेठ या स्थानकांवर दर्शनाला आलेल्या लोकांची प्रचंड गर्दी असते. बस्त्यासाठी आठवड्याच्या मधला वार सर्वांत चांगला. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पुण्याबाहेर पडणाऱ्या गाड्यांची खंबाटकी घाटात रांग लागते. जाताना आपण बोगद्यातून निघून जातो, परतताना मात्र घाट चढूनच यावे लागते, आणि दमलेल्या माणसांना तिथे तासभर अडकून पडणे फार जड जाते.

परतीसाठी स्वारगेटवर सातच्या आत पोहोचण्याचा बेत ठेवावा आणि साताऱ्याच्या विनाथांबा खिडकीवर रांग धरावी. रांग फार मोठी असेल तर कोल्हापूर, सांगली किंवा कराडकडे जाणाऱ्या गाडीतही बसता येते, पण चढण्यापूर्वी वाहकाला एकच प्रश्न विचारावा : गाडी सातारा स्थानकात जाणार की हायवेवरच उतरवणार. वाढे फाट्यावर किंवा बॉम्बे रेस्टॉरंट चौकात रात्री नऊनंतर गाठोड्यांसह उतरलो तर गावात जायला रिक्षा मिळेपर्यंत आईंना उभे राहावे लागेल. स्थानकात उतरलो तर पोवई नाक्याकडे आणि राजवाड्याकडे जाणाऱ्या रिक्षा दारातच असतात. आपण शाहूपुरीकडे राहत असल्याचे लिहिले आहे, तेव्हा गाडी लिंब फाटा ओलांडत असतानाच घरी फोन करून कुणाला तरी दुचाकी घेऊन स्थानकावर बोलवावे; पुस्तकांचा गठ्ठा दुचाकीवर जाईल आणि आपण तिघे कापडाच्या पिशव्यांसह एकाच रिक्षात बसू शकाल.