आजीच्या गुडघ्यावरून नातीचं करिअर ठरवावं का?

पत्र : मुलगी बारावी सायन्सला, बी ग्रुपमध्ये (बायॉलॉजी) आहे. मागच्या वर्षी माझ्या आईच्या गुडघ्यातली गादी फाटली आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनची बोलणी सुरू झाली. सर्जन म्हणाले, आधी फिजिओथेरपी करून बघा. घरचे व्यायाम मुलगीच करून घ्यायची, रोज वहीत लिहायची. तीन महिन्यांनी आई भाजी आणायला चालत जाऊ लागली, दुखण्याची गोळीही सुटली. आता मुलगी म्हणते, मला फिजिओथेरपीच करायची. डॉक्टर व्हायचं सोडून मालिशचं काम कशाला? वर्षभर ड्रॉप घेऊन मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा पुन्हा द्यायला लावू का? — एक वडील, रावपुरा, बडोदा

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे ती वही. तिच्याकडे येतेच, आधी मालिशचं बोलू.

जुम्मादादा व्यायाममंदिर आणि व्यायामगुरू प्रा. माणिकराव ज्या गावात झाले, तिथे अंग चोळून, वळवून, कामाला लावून बरं करण्याच्या विद्येला कमी लेखू नये. पण फिजिओथेरपी त्याहून बरीच मोठी आहे. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्र असतं. पुढे सांधे आणि स्नायूंचं यांत्रिक गणित, मेंदूचे आजार, हृदय आणि फुप्फुसं. अर्धांगवायू झालेल्या माणसाला पुन्हा उभं करणं आणि आयसीयूतल्या रुग्णाच्या छातीतला कफ मोकळा करणं हेही याच लोकांचं काम.

आता आईंच्या गुडघ्याचं. व्यायामाने फाटलेली गादी शिवली जात नाही. मांडीचे आणि नितंबाचे स्नायू बळकट झाले की चालताना सांध्यावरचा ताण ते अधिक चांगला पेलतात, म्हणून दुखणं उतरतं. स्नायूला ताकद यायला आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडणाऱ्याला काहीच मिळत नाही. 2013 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गादी फाटलेल्या आणि सोबत सांध्याची झीज असलेल्या 351 जणांपैकी काहींवर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना फिजिओथेरपी दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र फिजिओथेरपीच्या गटातल्या सुमारे 30 टक्के लोकांनी तेवढ्या काळात ऑपरेशन करून घेतलं. मुलीला हा दुसरा आकडाही आवर्जून सांगा. आजी बरी झाली, म्हणजे प्रत्येक गुडघा तसाच बरा होईल असं नाही. काही दुखण्यांत तर थांबायलाही वेळ नसतो. उदाहरणार्थ, कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर व्यायाम शिकवत बसायचं नसतं. त्याच क्षणी सर्जनकडे पाठवायचं असतं. हे ओळखता येणं हे चांगल्या फिजिओथेरपिस्टचं पहिलं लक्षण.

दुसरं लक्षण त्या वहीत आहे. या पेशात खरी परीक्षा रुग्णाच्या कंटाळ्याशी असते. दहाव्या दिवशी "आज राहू दे गं" म्हणणाऱ्या माणसाला न रागावता पुन्हा पाय उचलायला लावणं पुस्तकातून येत नाही. ते जमत नाही तिथे वीस मिनिटं मशीन लावायचं, शेक द्यायचा आणि घरी पाठवायचं, एवढंच उरतं. अशी सेंटर मी पाहिली आहेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. बरं होणं हे शेवटी रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीतूनच येतं.

अभ्यासक्रम इंटर्नशिपसकट साडेचार ते पाच वर्षांचा, एमपीटीची, म्हणजे पदव्युत्तर पदवीची, आणखी दोन वर्षं. बडोद्यातच सयाजी हॉस्पिटलला जोडलेलं सरकारी कॉलेज आहे. आधी तिथला प्रयत्न करा. प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. 2021 च्या कायद्याने हा पेशा संलग्न आरोग्य-व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे. सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो. पहिली काही वर्षं घराने सांभाळून घ्यावं लागेल, ही तयारी तुमची हवी. परदेशी जायचं झालं, तर तिथली नोंदणी वेगळी करावी लागते.

ड्रॉपबद्दल स्पष्ट सांगते. एमबीबीएसची ओढ तिची स्वतःची असती, तर एक वर्ष जरूर द्या म्हटलं असतं. तुमच्या पत्रात ती ओढ तुमची दिसते. तेव्हा ड्रॉप नको.

त्याऐवजी परीक्षा झाली की परवानगी घेऊन तिला एखाद्या फिजिओथेरपी ओपीडीत आठवडाभर सकाळी बसू द्या. आजीवर माया असते. अनोळखी, चिडलेल्या, घाम आणि औषधांचा वास येणाऱ्या रुग्णाजवळही ती तितकीच रमते का, ते तिला कळू दे. आणि तोवर आईंना विचारून ठेवा, व्यायाम नको म्हणून त्या हटून बसल्या, त्या दिवशी नातीने काय केलं? ते मला जरूर कळवा.