ओट्यावर पोळी लाटायलासुद्धा जागा उरत नाही

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत राहायचो, गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंटमध्ये टॉवरमधलं घर मिळालं. किचन ७ बाय ८ फूट आहे, चाळीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यापेक्षा खूपच मोठं, तरी तिकडे जेवढा पसारा नव्हता तेवढा इथे झालाय. ओट्यावर मिक्सर, तेलाचा कॅन, पिठाचा डबा, पाण्याचा पिंप, पोळ्या लाटायला परात ठेवू म्हटलं तर जागाच नाही. सासूबाईंनी पितळेची भांडी, वर्षाचा मसाला, तांदळाची कोठी सगळं आणलंय आणि त्यातलं काही काढायचं म्हटलं की त्यांना वाईट वाटतं. मी एकसारखे पारदर्शक डबे घ्यायचं ठरवतेय, २४ चा सेट बघून ठेवलाय. घेऊ का? (वय ३४, लालबाग)

उत्तर : आत्ता नका घेऊ. डबे शेवटी घ्यायचे असतात, सगळी आधी डबे घेतात आणि मग त्यात काय भरायचं ते शोधत बसतात. शिवाय एकसारख्या डब्यांचं गणित आपल्या घरात बसत नाही, कारण एक किलो तांदूळ साधारण सव्वा लिटरच्या डब्यात मावतो पण अर्धा किलो पोह्यांना त्याहून मोठा डबा लागतो आणि कुरमुऱ्यांचं तर विचारूच नका, म्हणजे सेटमधले निम्मे डबे अर्धवट रिकामे आणि उरलेल्यांच्या बाजूला रबर लावलेल्या पिशव्या.

चाळीत पसारा का नव्हता माहितीय का, तिकडे प्रत्येक वस्तूला एकच जागा होती म्हणून. मांडणीवर ताटं तिथेच, वाट्या तिथेच, दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. आता इतकी कपाटं आहेत, त्यामुळे रवा आज इथे उद्या तिथे, आणि सापडला नाही की दुसरं पाकीट येतं. माझ्या आईच्या गिरगावातल्या खोलीत लाइट गेले तरी ती अंधारात हात घालून मोहरी काढायची, तिला डबा बघावा लागत नव्हता. तुम्हालाही तेच करायचंय, कपाटं फक्त जास्त आहेत.

तर असं करा. गॅससमोर उभ्या राहा, पाय न हलवता हात जिथवर पोचतो तेवढा भाग तुमचा रोजचा. त्यात चहा-साखर, मीठ, मिसळणाचा डबा, तेल, पोळपाट-लाटणं, तवा, कढई, कुकर, बस. सिंकपाशी उभं राहून हात पोचतो तिथे ताटं-वाट्या-पेले, म्हणजे धुतल्या धुतल्या जागेवर जातात. बाकी सगळं लांब गेलं तरी चालेल. मसाल्याच्या बरण्या मात्र गॅसच्या बरोबर वरच्या कपाटात ठेवू नका, खाली कुकरची शिट्टी होते ती वाफ थेट तिथे जाते, गरम आणि दमट दोन्ही लागून तिखटाचा रंग उतरतो आणि गुठळ्या होतात.

मग रोज काय लागतं हे कसं कळणार? त्याला सोपा उपाय सांगते. खालच्या एका कपाटातलं सगळं डाव्या बाजूला सरकवा आणि पंधरा दिवस जे वापराल ते परत ठेवताना उजवीकडे ठेवा. पंधरा दिवसांनी डावीकडे जे उरलंय ते ओट्याजवळ राहायचा हक्क गमावून बसलं, ते माळ्यावर. माझ्याकडे डावीकडे तीन किसण्या उरल्या होत्या. तीन! रोज वापरत होते ती चौथीच होती. एकेक कपाट करा, रविवारी सगळं किचन हॉलमधे ओतू नका, संध्याकाळी थकून जसंच्या तसं आत कोंबलं जातं.

खालची कपाटं २ फूट खोल असतात, मागचा अर्धा भाग म्हणजे अंधारकोठडी. तिथे लांबट ट्रे ठेवा आणि डाळी त्यात उभ्या करा, ट्रे ओढला की मागचंही पुढे येतं. ट्रॉल्या करायला हव्यात असं काही नाही.

आणि एक आग्रहाने सांगते, जुनी स्टीलची मांडणी भंगारात दिली नसेल तर भिंतीवर लावा. दिली असेल तर भुलेश्वर-तांबाकाट्याकडे भांड्यांच्या दुकानांत हव्या त्या मापाची मिळते. मुंबईच्या पावसाळ्यात ओली भांडी बंद ट्रॉलीत गेली की कुबट वास धरतात, मांडणीवर वारा लागतो, खाली पाणी निथळतं आणि भांडं डोळ्यासमोर असतं. मॉड्युलरवाले नाक मुरडतात, मुरडू देत. बऱ्याच नव्या टॉवरच्या भिंती काँक्रीटच्या असतात, तर चांगलं ड्रिल असलेला माणूस बोलवा आणि आतून वायर कुठून गेलीय ते आधी विचारून घ्या.

आता सासूबाई. त्यांचं सामान अडगळ नाहीये हे आधी मनात पक्कं करा, मग बोला. डंकावर कुटून आणलेला वर्षाचा मालवणी मसाला ही त्या घराची चव आहे. तो चिनी मातीच्या मोठ्या बरणीत, वर हिंगाचे खडे, तोंडाला कापड बांधून खालच्या कोरड्या कपाटात राहू दे आणि त्यातून महिन्यापुरता छोट्या बरणीत काढून घ्या, म्हणजे मोठी बरणी रोज उघडून दमट हवा आत जात नाही. पितळेतलं वर्षातून एकदा गौरी-गणपतीला निघणारं, मोदकपात्र, दिवाळीचा सोऱ्या, हे एका पेटीत घालून माळ्यावर आणि पेटीवर मोठ्या मराठी अक्षरांत काय आहे ते लिहा. ते लिहायचं काम सासूबाईंनाच द्या. त्यांना भीती वस्तू वर जाण्याची नसते, ती विसरली जाण्याची असते. आणि पिंप? नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं असं असेल तर पिंप हवाच, पण तो ओट्यावरून खाली एका तिवईवर आणा. तेवढ्यानेच परातीची जागा मोकळी होईल, उद्या सकाळीच करून बघा.

प्रश्न : आम्ही परळला तळमजल्यावर राहतो. जुलै आला की रव्यात जाळ्या, तांदळात टोके, मिठाला पाणी. घट्ट झाकणाचे डबे आहेत तरी होतं. (गृहिणी)

उत्तर : घट्ट झाकण उपयोगाचं आहे, पण किडीची अंडी बऱ्याचदा दुकानातूनच धान्याबरोबर आलेली असतात, झाकण लावून आपण त्यांना आतच कोंडतो. मेमधे कडक उन्हं असताना तांदूळ-डाळी-वाल वाळवून पूर्ण गार करून भरा, गरम भरले तर डब्याच्या आत घाम सुटतो आणि तोच वास धरतो. कडधान्याला एरंडेलाचा हात लावायची जुनी पद्धत आजही चालते, कडवे वाल असतील तर नक्की लावा. रवा आणला की त्याच दिवशी कोरडाच मंद भाजून ठेवायचा. बेसन, मैदा, नाचणीचं पीठ फ्रिजमधे. आणि जून ते सप्टेंबर वर्षाचं-सहा महिन्यांचं भरूच नका, महिन्याचं आणा, जवळपास वाण्याचं दुकान असतंच ना. नवं आणलं की जुन्यावर ओतायचं नाही, जुनं संपवायचं, डबा धुवून उन्हात नाहीतर गॅसच्या बाजूला खडखडीत वाळवायचा, मग नवं. निम्म्या घरांत कीड इथेच टिकते, डब्याच्या तळाशी उरलेल्या मूठभर जुन्या डाळीत.

कांदे-बटाटे एकाच टोपलीत असतील तर वेगळे करा, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात.

प्रश्न : पाइप गॅस आला, सिलेंडरचं कपाट रिकामं झालं. तिथे आणि सिंकखाली काय ठेवू? झुरळांचा त्रास आहे. (घाटकोपर)

उत्तर : सिलेंडरच्या कपाटाच्या दाराला खाली जाळी किंवा भोकं असतील, कारण सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो, म्हणून आता मीटर आणि पाइप डब्यांमागे बंद करू नका आणि वरची खिडकी उघडी राहील असं बघा. त्या रिकाम्या कपाटात कांदे-बटाट्यांच्या दोन टोपल्या ठेवा, जाळीतून वारा आयताच मिळतो.

सिंकखाली खायचं काहीही नको, बादली, साबण, घासण्या एवढंच. ऑनलाइन सामानाचे पुठ्ठ्याचे बॉक्स ‘लागतील कधीतरी’ म्हणून तिथे ठेवले असतील तर आजच काढा, पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळं अंडी घालतात. आणि तिथलं प्लाय फुगलं असेल तर वरून नवीन सनमायका मारून घेऊ नका, आत तसंच कुजत राहतं. सुताराला आयएस ७१० शिक्का असलेलं, पाण्यात टिकणारं मरीन प्लाय आणायला सांगा, किंवा सरळ कडप्प्याचा खण करून घ्या, पण आधी प्लंबरला बोलवून ते गळतंय कुठून ते बघा.