एमओयू झाला, पुढे काय? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात राज्यांच्या गुंतवणूक परिषदांवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते इथे घेतोय.

प्रश्न : सर, दरवर्षी जानेवारीत दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेतून बातमी येते की अमुक लाख कोटींचे करार झाले. एवढे पैसे खरंच येतात का? आणि येत नसतील तर सगळी राज्यं तिकडे जातात कशाला? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

काका, २०२५ च्या जानेवारीत एकट्या महाराष्ट्राने तिथे १५ लाख कोटींच्या वर एमओयू, म्हणजे सामंजस्य करार केले. आकडा ऐकून बरं वाटतं, मलाही वाटलं, पण एमओयू म्हणजे साखरपुडासुद्धा नाही हो, नुसती पसंती कळवलीय. तो मोडला म्हणून कुणी कोर्टात जात नाही. त्यातल्या बऱ्याच कंपन्या भारतातल्याच असतात आणि काहींचं आधीच ठरलेलं असतं, फक्त सही कार्यक्रमात करायची म्हणून थांबलेले असतात.

खरं काय झालं ते बघायचं असेल तर एक साधा रस्ता आहे. मोठा कारखाना काढणारा केंद्राच्या उद्योग खात्याकडे आयईएम नावाचा फॉर्म भरतो, त्याच्या भाग अ मध्ये इरादा लिहितो आणि प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं की भाग ब भरतो, आणि दोन्हींचे राज्यवार आकडे प्रसिद्ध होतात. भाषण भाग अ वर होतं, तुम्ही भाग ब बघा.

तरी मी परिषदांच्या विरोधात नाही. व्हायब्रंट गुजरात २००३ ला सुरू झालं तेव्हा त्या राज्याने २००१ चा भूकंप आणि २००२ च्या दंगली पाहिल्या होत्या, बाहेर नाव चांगलं नव्हतं. त्यांनी दर दोन वर्षांनी परिषद भरवायची ठरवलं आणि कोविडचा खंड सोडला तर ते चालू ठेवलं, २०२४ ला दहावी झाली. माझ्या मते यातला खरा फायदा तारखेचा आहे, म्हणजे तारीख ठरली की सगळ्या खात्यांना फाइली हलवाव्याच लागतात, आणि दोन वर्षांनी तीच माणसं परत समोर बसणार असतात, मागच्या वेळचं काय झालं असं विचारायला.

प्रश्न : आपले प्रोजेक्ट गुजरातला जातात याचा फार त्रास होतो. आपलं ब्रँडिंग कमी पडतं का? (एक इंजिनियर)

त्रास होणारच, मलाही होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला जाहीर झाला, आपल्याकडे तळेगावची बोलणी झालेली होती, केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनच त्यातून बाहेर पडली. म्हणून आपलं काही गेलंच नाही असं मी म्हणणार नाही, पण नुसत्या घोषणेसाठी रडायचं पण नाही.

सिंगूरचं उदाहरण बघा. ऑक्टोबर २००८ मध्ये जमिनीच्या वादामुळे टाटांनी नॅनोचा कारखाना बंगालमधून हलवायचा ठरवला आणि काही दिवसांतच गुजरातमधलं साणंद पक्कं झालं, कारण तिथे ११०० एकरच्या आसपास सरकारी जमीन एकाच ठिकाणी मोकळी होती. हे जाहिरातीने होत नाही. नॅनो २०१८ ला बंद पडली, पण दरम्यान तिथे फोर्डचा कारखाना आला, २०२३ मध्ये चिप बनवणाऱ्या मायक्रॉननेही साणंदच निवडलं. बंगालनेही २०१५ पासून मोठी परिषद भरवायला सुरुवात केली, पाहुणे येतात, चांगलं बोलतात, पण उद्योगाचा विषय निघाला की सिंगूर आठवतंच, आणि शेतकऱ्यांची बाजूही तितकीच खरी होती, जमीन घेताना त्यांना नीट विचारलं असतं तर कदाचित दोघांचंही भलं झालं असतं.

आता ब्रँडिंगचं. महाराष्ट्राचं सगळ्यात भारी ब्रँडिंग १९६२ ला झालं, आणि तेव्हा कुणी त्याला ब्रँडिंग म्हटलं नसेल. त्या वर्षी एमआयडीसी स्थापन झाली. प्लॉट, रस्ता, पाणी तयार करून द्यायचं आणि उद्योजकाला म्हणायचं, ये. आज आपल्याकडे गावोगावी औद्योगिक वसाहतीला एमआयडीसीच म्हणतात, पोरगा एमआयडीसीत लागला, एमआयडीसीच्या चौकात भेट, असं आपण सहज बोलतो. एका सरकारी महामंडळाचं नाव लोकांच्या तोंडात सामान्य नाम होऊन बसलं, याच्यापुढे कुठलीही टॅगलाइन काय करणार? ते टिकवायचं असेल तर त्याच वसाहतींमधले खड्डे, दिवे, सांडपाणी आणि उन्हाळ्यातलं पाणी याच्याकडे आधी बघायला हवं, कारण बाहेरचा माणूस यायच्या आधी तिथे असलेल्या कारखानदाराला फोन करतो आणि विचारतो, कसं काय आहे तुमच्याकडे. त्या फोनवर जे सांगितलं जातं तीच राज्याची प्रतिमा.

प्रश्न : केरळची टुरिझमची जाहिरात एवढी गाजली, मग उद्योग तिथे का गेले नाहीत? (एमबीएची विद्यार्थिनी)

फार छान प्रश्न. ‘गॉड्स ओन कंट्री’ ही १९८९ ची, आणि पर्यटनात तिने कमाल केली. पण फिरायला येणारा चार दिवस राहतो आणि पैसे गुंतवणारा तीस वर्षं, दोघांना वेगळ्या गोष्टी दिसतात. उद्योजकांच्या डोक्यात केरळ म्हणजे संप आणि नोक्कुकूली. नोक्कुकूली म्हणजे बघण्याची मजुरी, तुम्ही तुमचा माल मशीनने किंवा स्वतःच्या माणसांनी उतरवला तरी बाजूला उभ्या असलेल्या माथाड्यांना पैसे द्यायचे. सरकारने १ मे २०१८ पासून ही प्रथा बंद केली. मग २०१९ मध्ये कायदा केला की छोट्या उद्योगाने अर्ज करून पोचपावती घ्यायची आणि कामाला लागायचं, राज्याच्या बाकीच्या परवानग्या तीन वर्षं नसल्या तरी चालतील. मला वाटतं ही पोचपावती शंभर होर्डिंगच्या तोडीची आहे. पण बदनामी लवकर पसरते आणि सुधारणेची बातमी हळू पोचते, त्यामुळे त्यांना अजून काही वर्षं हे सांगत राहावं लागेल.

प्रश्न : सरकार बदललं की करार रद्द करतात, यानेही नाव खराब होतं ना?

होतं. आपणच केलंय, १९९५ ला एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार रद्द केला, १९९६ ला बदल करून परत केला आणि २००१ ला प्रकल्प बंदच पडला. वीज महाग पडत होती, लोकांचा राग खरा होता, त्यामुळे रद्द करणं चूक असं सरळ म्हणवत नाही. आंध्रमध्ये २०१९ ला नवीन सरकारने सौर आणि पवन ऊर्जेच्या आधीच ठरलेल्या दरांना हात घातला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला. छाननी सहीच्या आधी करा एवढंच म्हणणं आहे, नंतर केली की त्याचं व्याज पुढची सगळी सरकारं भरतात.

प्रश्न : दादा, माझं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्यांना रेड कार्पेट, आम्हाला काय?

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे मी जवळून पाहिलंय. माझ्या एका मित्राला विजेचा लोड वाढवून हवा होता, मी त्याच्याबरोबर एका कार्यालयात गेलो होतो, भिंतीवर गुंतवणूकदारांचं स्वागत करणारं मोठं पोस्टर, आणि त्याच्याच खाली बसून आम्हाला चौथ्यांदा तीच कागदपत्रं मागितली. पाच महिने गेले. तो आज बाहेरच्या राज्यातल्या प्रत्येक ओळखीच्याला हा किस्सा सांगतो.

तेलंगणाने २०१४ मध्ये टीएस-आयपास कायदा केला, त्यात मोठ्या प्रकल्पांना १५ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत परवानगी, मुदत उलटली तर मिळाली असं धरायचं. आपल्याकडे राज्य सरकारची ‘मैत्री’ नावाची एक-खिडकी सोय आहे, तिथे ऑनलाइन अर्ज करा, अर्ज क्रमांक जपून ठेवा, आणि प्रत्येक वेळी काय मागितलं ते तारखेसकट लिहून ठेवा. जिल्हा उद्योग केंद्राच्या बैठकीत हा कागद पुढे ठेवला की बोलणं पटकन मुद्द्यावर येतं.

प्रश्न : राज्यात गुंतवणूक आणण्याच्या या क्षेत्रात करिअर करता येईल का?

नक्की. तामिळनाडूत गायडन्स नावाची संस्था १९९२ पासून हेच काम करते, गुंतवणूकदाराला धरून शेवटपर्यंत सोबत राहायचं. राजस्थानने २००६ ला जेट्रो या जपानच्या सरकारी व्यापार संस्थेशी करार करून नीमराण्याला जपानी कंपन्यांसाठी वेगळा झोनच काढला, म्हणजे सगळ्या जगाला हाका मारण्यापेक्षा एका देशाला नीट बोलावलं. तेव्हा जपानी किंवा कोरियन भाषेचा क्लास आजच लावा, आणि सोबत आपल्या राज्याचं औद्योगिक धोरण पूर्ण वाचून काढा.