एल्विसच्या रेकॉर्डिंगचं पुस्तक आणि अण्णांची 1964 ची डायरी

तुमचा प्रश्न असा: एल्विस प्रेस्लीच्या सगळ्या रेकॉर्डिंगची तारीखवार माहिती देणारं जाडजूड पुस्तक भेट मिळालंय, पण त्यात "नुसत्या तारखा आणि नावं" आहेत. ते वाचायचं कसं, आणि लता मंगेशकरांवर असं पुस्तक आहे का?

ते "नुसत्या तारखा आणि नावं" वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाव अशा एका ओळीत असावं म्हणून मी गेली सहा वर्षं धडपडते आहे.

आधी एल्विसचं. तुमच्याकडे एर्न्स्ट योर्गेन्सन या डॅनिश संशोधकाचंच पुस्तक असेल, असं धरून लिहिते. ते कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचू नका. आवडीचं एक गाणं घ्या, त्या दिवसाची नोंद काढा, गाणं लावा आणि नोंदीवर बोट ठेवून ऐका. 'हाउंड डॉग' घ्या. 2 जुलै 1956, न्यूयॉर्क. गिटार स्कॉटी मूर, बास बिल ब्लॅक, ड्रम्स डी. जे. फोंटाना, मागे गाणारे जॉर्डनेअर्स. त्या दिवशी या एका गाण्याचे तीसच्या वर टेक झाले, म्हणजे ते पहिल्यापासून तितक्यांदा मुद्रित केलं. हे कळल्यावर ते गाणं पुन्हा ऐका. तो रांगडेपणा सहज आलेला नाही, तासन्‌तास घासून आलेला आहे हे कानाला कळतं.

मग नुसती ठिकाणं वाचत जा. 1954 च्या जुलैत मेम्फिसमधल्या सन या रेकॉर्ड कंपनीच्या छोट्या खोलीत तिघं जण, ड्रम्ससुद्धा नाहीत. 1969 च्या सुरुवातीला तो इतक्या वर्षांनी पुन्हा मेम्फिसमध्ये रेकॉर्डिंगला उभा राहतो. आणि 1976 मध्ये स्टुडिओत जाणंच नको झालेलं, म्हणून कंपनी रेकॉर्डिंगची गाडी त्याच्या घराशी आणून लावते. चरित्रकारांना जे सांगायला पानंच्या पानं लागतात ते त्या ठिकाणांच्या यादीत दिसतं.

इतकी माहिती अमेरिकेत टिकली कशी? तिथे वादकांची युनियन होती आणि प्रत्येक सेशनचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या बैठकीचा, करारनामा भरावा लागायचा. कोणी वाजवलं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती पैसे. ते कागद पैशांसाठी होते, इतिहासासाठी नव्हते. पैशांचा हिशेब ठेवला म्हणून इतिहास उरला.

आपल्याकडे पाकीट मिळायचं. माझे अण्णा कोल्हापूरचे. व्हायोलिन तिथेच शिकले आणि 1955 मध्ये मुंबईत आले. गिरगावात आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक गोव्याचे वादक राहायचे. त्यांनी अण्णांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकवलं, कारण ते येत नसेल तर मोठ्या ऑर्केस्ट्रात उभंसुद्धा करत नसत. त्या काळी मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये बरंचसं संगीत गोव्याच्या लोकांच्या हातून कागदावर उतरायचं. अँथनी गोन्साल्विस हे नाव 'अमर अकबर अँथनी'तल्या 1977 च्या गाण्यामुळे सगळ्यांना पाठ आहे. पण ते खरोखरीचे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अॅरेंजर (वाद्यमेळ रचणारे) होते आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, हे किती जणांना ठाऊक आहे?

अण्णा ताडदेवच्या फेमस स्टुडिओला चालत जायचे. वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत काम असलं की ग्रँट रोडहून लोकल. गायक, वादक, कोरस सगळे एकाच वेळी, एकाच दमात. कुणाचा एक सूर चुकला की अख्खी खोली पहिल्यापासून. सेशन संपलं की रोख रक्कम पाकिटात आणि घरी. कुठल्या चित्रपटाचं गाणं होतं हे बऱ्याचदा वादकांना माहीतही नसायचं. रेकॉर्डवर गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव. वाजवणाऱ्या तीस-चाळीस जणांपैकी एकाचंही नाही.

गायकांचंही सुरुवातीला हेच होतं. 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर 1949 मध्ये लताबाईंचं नाव नव्हतं, पडद्यावरच्या पात्राचं 'कामिनी' हे नाव छापलं होतं. गाणारीचं नाव काय म्हणून लोकांनी रेडिओला विचारून विचारून भंडावलं, तेव्हा ते जाहीर झालं. व्हायोलिनच्या चौथ्या रांगेबद्दल कोण विचारणार होतं?

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहिते आहे ते. 2018 मध्ये आमच्याकडे भाच्याची मुंज होती. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, रेकॉर्ड जमवतो. नऊशेच्या वर आहेत त्याच्याकडे, आणि त्या जमवायला त्याने आयुष्य घातलंय हे मला मान्य आहे. जेवणानंतर तो लताबाईंवर बोलायला लागला आणि नेहमीप्रमाणे "तीस हजार गाणी" म्हणाला. मी म्हटलं, दादा, हिशेब कर. गिनेसच्या पुस्तकात 1974 मध्ये छापलं की 1948 पासून 25,000 गाणी. म्हणजे वर्षाला साडेनऊशेच्या वर, दिवाळी-रविवार धरून रोज अडीच गाणी. त्या काळात वर्षाला हिंदी चित्रपट निघायचे शंभर-सव्वाशे, प्रत्येकात सात-आठ गाणी. हिंदी चित्रपटांतली सगळी गाणी, रफीसाहेबांचीसुद्धा, एकट्या लताबाईंनी गायली असती तरच तो आकडा बसतो. रफीसाहेबांनी स्वतः त्या दाव्याला हरकत घेतली होती, आणि पुढे 1991 मध्ये गिनेसने ती नोंदच काढून टाकली. ज्यांनी एकेक गाणं मोजलं त्यांच्या हिशेबाने हिंदी चित्रपटगीतं पाच हजारांच्या आसपास येतात. पाच हजार! एका गळ्याला तेवढी पुरेत. फुगवलेला आकडा सांगणारा माणूस त्यांचा मान वाढवत नाही, त्याने मोजायचे कष्ट घेतले नाहीत एवढंच त्यातून कळतं.

दादाला ते झोंबलं. पुढे मी सांगितलं की अण्णांनी लताबाईंच्या गाण्यात वाजवलंय, आणि कुठलं गाणं तेही सांगितलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा लग्नाच्या बँडात वाजवायचे. लताबाईंच्या मागे नाही. कुठल्या पुस्तकात नाव आहे दाखव." माझी आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची, तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

अण्णा बँडातही वाजवायचे, हे खरं आहे. लग्नसराईत सगळेच वाजवायचे, घर चालवायचं होतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्यानंतर मी घर उपसलं. अण्णा 2003 मध्ये गेले, त्यांच्या वस्तू आईने एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. राळेचा तुकडा, तुटक्या तारा, आणि खिशात मावणाऱ्या डायऱ्या. बारा असणार होत्या, पाचच मिळाल्या. बाकीच्या एका पावसाळ्यात भिजल्या आणि रद्दीत गेल्या. 1964 च्या डायरीत एक ओळ आहे: "14 ऑगस्ट. फेमस. 9 ते 2. र. – ल. 6 टेक." आणि पुढे पाकिटातली रक्कम. एवढंच.

"र." म्हणजे संगीतकार रोशन की संगीतकार रवी? दोघंही त्या वर्षी जोरात होते, दोघांकडेही लताबाई गायल्या. "ल." म्हणजे लताबाई, याबद्दल मला शंका नाही, पण दादाला आहे. मी कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांच्या हिंदी फिल्म गीत कोशाचा, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांच्या सूचीचा, 1961 ते 70 चा खंड एका ग्रंथालयात बसून उतरवून काढला. दीड महिना रोज दुपारी जात होते. रोशन आणि रवी, 1964 ते 67, लताबाईंची एकल गाणी, मग त्यातली व्हायोलिनचा ताफा असलेली. शेवटी चार गाणी उरली.

आणि तिथे अडले, कारण गीत कोश वर्ष सांगतो ते चित्रपटाचं, रेकॉर्डिंगचं नाही. हा फरक भल्याभल्यांना कळत नाही. 'पाकीझा' घ्या. चित्रपट आला 1972 मध्ये. संगीतकार गुलाम मोहम्मद वारले 1968 मध्ये. म्हणजे ती गाणी त्याच्याही आधीची. तरी "1972 मधला लताचा आवाज" म्हणून त्यावर लेख लिहिणारे लोक आहेत. लता-रफी यांचं रॉयल्टीवरून बिनसलं आणि साठच्या दशकात काही वर्षं ते एकत्र गात नव्हते. त्या वर्षांचा अभ्यास करायचा तर गाणं कधी ध्वनिमुद्रित झालं ते हवं. पडद्यावर कधी आलं ते घेऊन काय करायचं? आणि नेमकी तीच तारीख नाही.

मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटतं की 1902 ची तारीख आपल्याला मिळते आणि 1964 ची मिळत नाही. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या, तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ती शेवटी "माय नेम इज गौहर जान" असं म्हणायची. त्या दौऱ्याच्या नोंदी इंग्लंडमध्ये जपून ठेवल्या गेल्या, म्हणून त्यावर संशोधन झालं. आणि माझ्या जन्मानंतरची, ताडदेवला झालेली गाणी कोणत्या दिवशी झाली हे सांगणारा कागद नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. लताबाईंच्या गाण्यांच्या सूची आहेत. विश्वास नेरुरकरांनी 1945 ते 1989 पर्यंतची सूची केलेली आहे, ती अवश्य मिळवा. गीत कोश आहेच. पण एल्विससारखं, दिवस, खोली, टेक, वादक देणारं सेशनचं पुस्तक करायला लागणारे कागदच उरलेले नाहीत. वादकांच्या बाजूने पाहायचं तर ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन 2008 मध्ये पुस्तक काढलं, ते वाचा. परदेशी माणसाने येऊन ते करावं आणि आपण "तीस हजार" म्हणत बसावं, याचा मला राग आहे.

लताबाईंची चांगली सूची कशी ओळखायची, तर पहिलं गाणं बघा. 1942 मध्ये 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकरांकडे त्या गायल्या, आणि ते गाणं चित्रपटातून काढून टाकलं. त्याची नोंद जिथे असेल ती सूची करणाऱ्याने गाणारीच्या बाजूने विचार केलाय. बाजारात आलेल्या रेकॉर्डीच मोजणाऱ्याला ते सापडणार नाही. तसंच 'आनंदघन' या नावाने त्यांनी दिलेल्या चाली. 'साधी माणसं' या चित्रपटाच्या पुरस्कारांच्या वेळी ते नाव उघड झालं, पण कितीतरी याद्यांत अजून त्या वेगळ्याच माणसाच्या असल्यासारख्या पडून असतात.

एक सांगायचं राहिलं. वर सूचीकारांबद्दल माझा सूर कडक वाटला असेल तर तो त्यांच्यासाठी नाही. संगणक नव्हते तेव्हा पोस्टकार्डं पाठवून, जुन्या गाण्यांच्या पुस्तिका गोळा करून त्या लोकांनी हे उभं केलं. त्यांनी तारखा दिल्या नाहीत कारण त्यांना कुणी दिल्या नाहीत. आणि अमेरिकेतही प्रत्येक कागदावर विश्वास ठेवू नका. करारनाम्यावर नाव एकाचं आणि वाजवलेलं दुसऱ्याने, असंही व्हायचं.

तुमच्या घरात कुणी वादक, कोरसमधलं कुणी, रेकॉर्डिस्टचा मदतनीस असेल तर त्यांना आजच बसवा आणि विचारा. कुठे, कोणाबरोबर, कोणत्या ऋतूत. आठवण पुसट असली तरी लिहा आणि पुसट आहे असंही लिहा. डायरी असेल तर तिचे फोटो काढा.

ते गाणं कुठलं हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. चारातलं एक मी कानाने ओळखलंय. दुसऱ्या अंतऱ्याआधी व्हायोलिनचा एक छोटा तुकडा वरच्या षड्जावरून मध्यमावर उतरतो, तो अण्णा घरी आल्यावर चहा होईपर्यंत वाजवत बसायचे. मी सात वर्षांची होते, मला तो अजून बोटांत आठवतो. पण कान म्हणजे पुरावा नव्हे. मी आज नाव टाकलं तर उद्या कुणीतरी ते "माहिती" म्हणून उचलेल.

दादा, तू या साइटवर असतोस, म्हणून इथेच लिहिते. त्या गाण्याची 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी, रेकॉर्ड तुझ्याकडे आहे, मी तुझ्या कपाटात पाहिली आहे. लेबलच्या बाहेर, गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या तबकडीच्या मूळ साच्याचा क्रमांक, असतो. ते नंबर साधारण क्रमाने चढत जातात. तुझ्या शेजारच्या रेकॉर्डींवरचे नंबर लावून पाहिले तर ती तबकडी केव्हा कापली गेली ते काही आठवड्यांच्या अंतराने सांगता येईल. गाणं त्याच्या आधी झालेलं असणार. 14 ऑगस्टच्या आधीचा नंबर निघाला तर मी चुकले, आणि तसं मी सगळ्यांसमोर सांगेन. त्यानंतर लगेचचा निघाला तर तू आईला फोन कर. ती आता नव्वदीची आहे. भिंग माझ्याकडे आहे, डायरीही आहे. रविवारी ये.